'स्त्री', 'मनोहर' आणि 'जंप' : मासिकांची भावंडं आणि त्यांचे वाचक

आजच्या विषयातला 'मांगा' हा शब्द वाचून काही तरुण मंडळी आली आहेत, आणि 'किर्लोस्कर' हे नाव वाचून काही ज्येष्ठ मंडळी. दोघांनाही अर्धं व्याख्यान परकं वाटणार आहे. ते मी मुद्दामच केलंय, कारण मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या आहेत.

आधी ज्येष्ठांसाठी दोन शब्द. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पण ती मुळात पुस्तकात येत नाही. ती येते जाड, स्वस्त, रद्दीसारख्या कागदावरच्या नियतकालिकात. एका अंकात पंधरा-वीस कथा, प्रत्येकीचा एकेक हप्ता. चाललेल्या कथांची पुढे पुस्तकं होतात आणि अंक रद्दीत जातो. आता महत्त्वाची गोष्ट : ही मासिकं आपला वाचक नावातच सांगतात. 'शोनेन' म्हणजे मुलगा, 'शोजो' म्हणजे मुलगी. मुलींसाठीचं 'नाकायोशी' १९५४ सालचं, 'रिबोन' १९५५ सालचं. मुलांसाठीची 'शोनेन मॅगझीन' आणि 'शोनेन संडे' ही दोन साप्ताहिकं १९५९ सालची, आणि 'शोनेन जंप' १९६८ सालचं. मुलगा मोठा झाला की त्याच्यासाठी त्याच घरातलं दुसरं भावंड तयार असतं : 'जंप'नंतर 'यंग जंप', ते १९७९ मध्ये आलं.

यातला सगळ्यात सुंदर नमुना माझ्या मते 'डोरेमॉन'चा आहे. आपल्या घरातल्या पोरांना डोरेमॉन टीव्हीमुळे माहीत, तोही हिंदी बोलणारा. पण तो जन्मला कुठे? शोगाकुकान ही प्रकाशनसंस्था १९२२ पासून इयत्तावार मासिकं काढत आली. पहिलीच्या मुलाचं वेगळं, दुसरीच्या मुलाचं वेगळं. जानेवारी १९७० च्या अंकांत डोरेमॉन एकदम सहा मासिकांत सुरू झाला, बालवाडीपासून चौथीपर्यंत. आणि फुजिको एफ. फुजिओ या चित्रकाराने प्रत्येक मासिकासाठी निराळी गोष्ट काढली! लहानग्यांना सोपी, थोरल्यांना जरा गुंतागुंतीची. म्हणजे बघा, मूल वरच्या वर्गात गेलं की डोरेमॉनही त्याच्याबरोबर वरच्या वर्गात जाणार. पुढे १९७७ मध्ये याच डोरेमॉनच्या जोरावर 'कोरोकोरो कॉमिक' हे आणखी एक भावंड निघालं.

आता तरुणांसाठी आपल्याकडची गोष्ट. ती तुम्हाला सहसा कोणी सांगत नाही.

१९२० साली किर्लोस्करवाडीत, नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं एक छोटं वार्तापत्र निघालं, 'किर्लोस्कर खबर'. काढलं शंकरराव किर्लोस्करांनी. ते स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार, हे ध्यानात ठेवा. खबरेचं १९२९ मध्ये 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' निघालं आणि १९३४ मध्ये तरुण वाचकांसाठी 'मनोहर'. पुढे ही तिन्ही मासिकं पुण्यात आली. एक कारखाना, एक संपादक आणि तीन मासिकं : कर्त्यासाठी, बाईसाठी, तरुणासाठी. वाचक वाटून घेण्याची कल्पना आपण जपानकडून शिकावी अशी काही नाही. ती सांगली भागातल्या माळरानावर अगोदरच उगवली होती.

पुण्यात तर नंतर या भावंडांची रांगच लागली. अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये 'हंस' काढलं आणि पुढे 'नवल' आणि 'मोहिनी' आली. पु. वि. बेहेरे यांचं 'मेनका' १९६० चं, आणि त्याच घरातून 'माहेर' आणि 'जत्रा'. नुसती नावं वाचली तरी कळतं. 'मेनका' आणि 'माहेर' एकाच छताखाली : एक अप्सरा, एक आईचं घर! मराठी मध्यमवर्गाच्या मनाचा इतका नेमका नकाशा कुठल्या समाजशास्त्रज्ञाने काढला असेल, मला शंका आहे. अंतरकरांची वाटणी मात्र वेगळ्या जातीची होती. 'हंस' गंभीर कथेचं, 'नवल' गूढ-अद्भुताचं, 'मोहिनी' विनोदाचं. ही वाटणी वय किंवा लिंग पाहून केलेली नव्हती, मनःस्थिती पाहून केलेली होती. एकच माणूस दुपारी 'मोहिनी' वाचेल आणि रात्री 'नवल'. मला हीच वाटणी जास्त प्रगल्भ वाटते, कारण ती वाचकाला अमुक एक प्राणी ठरवून टाकत नाही.

मग फरक कुठे पडला? पैशाच्या वाटेत. जपानी पोरगा स्वतःच्या खिशातल्या नाण्यांनी अंक विकत घेत होता. आपल्याकडे घरात एक प्रत, नाहीतर सर्क्युलेटिंग लायब्ररीची वर्गणी, आणि ती भरणार वडील. त्यामुळे 'कोणासाठी' या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नेहमी 'घरातल्या कोणासाठी' असं राहिलं. मूल गिऱ्हाईक कधीच नव्हतं. 'जंप' मात्र अंकाबरोबर पोस्टकार्ड देत आला : आवडलेल्या तीन कथा लिहून पाठवा. ज्यांना मतं पडत नाहीत त्या कथा काही आठवड्यांत गुंडाळल्या जातात. १९९५ च्या सुरुवातीच्या एका अंकाच्या ६५ लाखांहून जास्त प्रती निघाल्या, त्यामागे हे पोस्टकार्ड आहे.

टाळ्या वाजवायच्या आधी जरा थांबा. या पोस्टकार्डाने वाचकाला सत्ता दिली, पण सवयही लावली. मैत्री, प्रयत्न, विजय हे 'जंप'चं जाहीर सूत्र आहे, आणि त्या सूत्रात बसण्यासाठी किती कथांची एकसारखी मारामारी झाली ते मांगा वाचणाऱ्यांना सांगायला नको. एक स्पर्धा संपली की दुसरी, एक खलनायक गेला की त्याहून मोठा. वाचकाला तो आज जे मागतो तेच देत राहणं ही त्याची सेवा आहे की त्याला आहे त्याच इयत्तेत बसवून ठेवणं? किर्लोस्करांची चूक नेमकी उलट्या बाजूची म्हणता येईल : वाचकाने काय व्हावं हे संपादकाने ठरवलेलं. पण १९३० च्या महाराष्ट्रात तसं ठरवणारा संपादक मिळणं हे भाग्यच होतं, हेही म्हणायला हवं.

माझा मुख्य मुद्दा आता. भावंड-मासिक यशस्वी झालं हे कशावरून ओळखायचं? खपावरून नाही. ज्याच्यासाठी ते काढलं, तो वाचक एक दिवस लेखणी हातात घेतो का, यावरून.

जपानमध्ये सुरुवातीच्या काळात मुलींच्या मासिकांतलं बरंचसं काम पुरुष चित्रकार करत. तेझुका ओसामूची 'रिबोन नो किशी' १९५३ मध्ये 'शोजो क्लब'मध्ये आली. ही मासिकं वाचत वाढलेल्या मुली १९७० च्या दशकात स्वतः काढायला लागल्या : हागिओ मोतो, ताकेमिया केइको. त्यांनी शोजो मांगाचा चेहरामोहराच बदलला. पानावरच्या चौकटी मोडल्या, पात्रांच्या मनात चाललेलं थेट पानावर आणलं, आणि जे विषय मुलींना 'नकोत' असं ठरलं होतं तेच घेतले.

'स्त्री'चंही असंच झालं, फक्त चित्रांत नाही, गद्यात. एका पुरुषाने बायकांसाठी काढलेलं मासिक. विद्या बाळ १९६४ मध्ये तिथे कामाला लागल्या, १९८३ मध्ये संपादक झाल्या, १९८६ मध्ये बाहेर पडल्या आणि १९८९ मध्ये पुण्यातूनच 'मिळून साऱ्याजणी' काढलं. दोन नावं शेजारी ठेवून बघा. 'स्त्री' हे नाव तिच्याकडे बाहेरून बघणाऱ्याने ठेवलंय. 'साऱ्याजणी' आतून बोलतायत. एका लेबलाचा प्रवास एकोणसाठ वर्षांत कुठून कुठे गेला! याला मी खरं भावंड म्हणतो, जरी कागदोपत्री त्या दोन मासिकांचं काही नातं नसलं तरी.

हे स्त्रियांच्या बाबतीत झालं. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत झालं नाही, आणि तिथे आपण चांगलेच अडकलोय.

या वयाकडे मराठी नियतकालिकांनी कसं पाहिलं याचा एक पुरावा कोर्टाच्या कागदांत आहे. पुण्याच्या 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, कलम २९२ खाली, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ मध्ये निर्दोष सुटका झाली. न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा आशय असा, की लैंगिक उल्लेख आला म्हणून कादंबरी कोवळ्या वयाला अयोग्य ठरवायची तर त्या मुलांना फक्त धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. निकाल शहाणपणाचा आहे. पण गंमत बघा, या सबंध वादात पंधरा-सोळा वर्षांचा वाचक येतो तो बिघडण्याची शक्यता असलेला प्राणी म्हणून. त्याच्यासाठी कोणी काही लिहितंय का, हा प्रश्न वादात नाही आणि वादाबाहेरही नाही.

'किशोर' आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि उत्तम आहे. बालभारतीने १९७१ पासून चालवलंय, चित्रांची आणि मजकुराची पातळी सांभाळून. पण ते शाळेच्या हाताने मुलाकडे येतं, आणि त्याचा सूर मोठ्यांनी लहानांशी बोलण्याचा आहे. नाव 'किशोर', पण मिशी फुटायला लागली की मुलगा ते हातात धरायला लाजतो. 'साधना'चे बालकुमार आणि युवा दिवाळी अंक निघतात, चांगले निघतात. पण वर्षातून एकदा. चौदा वर्षांच्या मुलाला पुढचा हप्ता पुढच्या दिवाळीत, असं सांगून बघा!

जाता जाता एक, कारण मला ते फार खटकतं. जपानमध्ये खास पुरवणी अंकातून नवं मासिक जन्मतं. १९६८ च्या 'बिग कॉमिक'ची पुरवणी म्हणून निघालेल्या अंकातून 'बिग कॉमिक ओरिजिनल' उभं राहिलं. आपल्याकडे उलटा प्रवास. 'हंस', 'नवल', 'मोहिनी' ही मासिकं आकसत आकसत दिवाळी अंक झाली. दिवाळी अंकांचा आपल्याला अभिमान आहे, तो असावा. पण दर महिन्याला दारात येणारी गोष्ट वर्षातून एकदा यायला लागली की तिच्यावर वाढणारा वाचक तयार होत नाही. आधीच तयार झालेला वाचक फक्त ती विकत घेतो.

एक चिठ्ठी आली आहे : "मांगाचे मराठी अनुवाद केले तर मुलं मराठीकडे वळतील का?" थोडी वळतील, करावेत. पण पुण्यातला जो मुलगा आज फोनवर इंग्रजीतून 'वन पीस' वाचतोय, त्याला कथा आधीच मिळालेली आहे, त्यासाठी तो आपल्याकडे येणार नाही. त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर तो जी चित्रं काढतो, ती छापायला मराठीत एक पाक्षिक हवं. 'जंप' निघालं तेव्हा नावाजलेले चित्रकार आधीच्या दोन साप्ताहिकांकडे होते, म्हणून त्यांना नवख्या पोरांवर विसंबावं लागलं. आपल्याकडे तर नावाजलेलेही नाहीत, तेव्हा ती अडचण नाही. कागद स्वस्त ठेवा, रंग नको, आणि संपादक पंचविशीच्या आतला. पुढची चिठ्ठी?