चक्राच्या आकृतीत गाळ कुठे आहे?

‘नायट्रोजन चक्राची सुबक आकृती काढून नावे द्या’ हा प्रश्न आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. उत्तरही ठरलेले असते. वर ढग आणि वीज, मध्ये गवत खाणारी गाय, खाली मुळांवरच्या गाठी आणि त्यांना जोडणारे बाण. स्थिरीकरण, अमोनीकरण, नायट्रीकरण, विनायट्रीकरण या चारही क्रिया त्यात येतात. आकृती चुकीची नाही, पण तिच्यातून मुलांची होणारी समजूत अपुरी आहे, आणि त्याचे परिणाम वर्गाबाहेर भोगावे लागतात.

पहिली उणीव अशी की, आकृती बहुधा जमिनीवरच थांबते. पाण्याखालचा गाळ तिच्यात क्वचितच दिसतो. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात मेलेले प्लवक तळाशी बसतात, गाळातले जिवाणू त्यांचे अपघटन करतात आणि त्यातून सुटलेले अमोनिया व फॉस्फेट पुन्हा वरच्या पाण्यात येतात. समुद्र उथळ असल्याने हे खत उजेडापर्यंत पोचते आणि नवे प्लवक त्यावर वाढतात. त्या प्लवकांवर मासे जगतात.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. आकृतीतला बाण एकदा काढला की कायमचा. गाळात मात्र सारे काही ऑक्सिजनवर ठरते. जिवाणू अपघटनासाठी आधी ऑक्सिजन वापरतात. तो संपला की नायट्रेट, मग लोहाची संयुगे, मग सल्फेट. नायट्रेट वापरले जाते तेव्हा बराचसा नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो, म्हणजे पाण्यातले खत घटते. फॉस्फेटचे याउलट. ऑक्सिजन असेपर्यंत ते गंजासारख्या लोह-ऑक्साइडला चिकटून गाळात राहते. ऑक्सिजन संपला की लोह विरघळते आणि फॉस्फेट मोकळे होते. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडमधल्या तळ्यांचा अभ्यास करून १९४१-४२ मध्ये हे दाखवले. तोच गाळ कधी साठवतो, कधी परत देतो.

आपल्या किनाऱ्यावर याचे मोठे उदाहरण आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात कमी ऑक्सिजनचे खोल पाणी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत वर चढते. पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर त्यावर झाकणासारखा बसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाजवळचा ऑक्सिजन जवळजवळ संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये १९९९च्या निरीक्षणांची माहिती दिली. काही ठिकाणी नायट्रेट संपून हायड्रोजन सल्फाइड तयार झाला होता, आणि नायट्रस ऑक्साइड फार मोठ्या प्रमाणात साठला होता. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. मूळ घटना नैसर्गिक असली, तरी जमिनीवरून वाहून येणारे खत ती तीव्र करत असावे, असे त्यांनी मांडले. शेतातला बाण समुद्रतळाशी असा जोडलेला आहे.

समुद्र दूर वाटत असेल तर कोल्हापूरचा रंकाळा पाहा. तळे गोडे असले तरी गाळाचा नियम तोच. वर्षानुवर्षे सांडपाणी मिसळलेल्या कोणत्याही तळ्याच्या गाळात फॉस्फेटची शिल्लक असते. नाला वळवला, केंदाळ काढले, तरी ही शिल्लक अनेक वर्षे वर येत राहू शकते. आकृतीत प्रमाण नाही आणि काळही नाही, म्हणून आपण समजतो की नाला बंद झाला की पाणी लगेच नितळ होईल. तसे झाले नाही की ‘काही उपयोग नाही’ म्हणून चांगला उपायही सोडून देतो. उद्याचे नगरसेवक आणि अभियंते आज आपल्या वर्गात बसले आहेत.

एक प्रयोग सोपा आहे. काचेच्या बरणीत तळ्याचा गाळ घ्या. त्यात वर्तमानपत्राचे कपटे व उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक मिसळा, वर तळ्याचेच पाणी भरा. झाकण सैल ठेवून बरणी उजेडात ठेवा. काही आठवड्यांत गाळ काळा पडू लागतो. ते लोहाचे सल्फाइड असते, म्हणजे ऑक्सिजन संपून पाळी सल्फेटवर आली आहे. मुलांना दर आठवड्याला काळ्या थराची उंची मोजायला सांगा.

आणि पुढच्या वेळी आकृती काढून घेताना तळाशी गाळाचा एक पट्टा जरूर काढायला लावा. त्यातून निघणाऱ्या प्रत्येक बाणाशेजारी एवढेच लिहून घ्या : ‘केव्हा?’ आणि ‘किती काळाने?’