पाढ्याची भाषा आणि ‘वीस एक’

पाढा गणिताच्या तासाला शिकविला जात असला, तरी स्वरूपतः तो मौखिक रचना आहे. त्याची परीक्षा प्रथम कान करतो. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणित-पुस्तकात रूढ संख्यानामांच्या जोडीने ‘वीस एक’ अशी नावे आली, तेव्हा उठलेल्या गदारोळात नेमकी हीच बाजू मागे पडली. जोडाक्षरे व उलटा उच्चारक्रम मुलांना जड जातो, ही गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची भूमिका निराधार नव्हती. ‘एकवीस’मध्ये एक आधी ऐकू येतो, लिहावा लागतो मात्र नंतर.

परंतु ‘सात त्रिक एकवीस’ऐवजी ‘सात त्रिक वीस एक’ म्हणून पाहावे. लय तर मोडतेच, शिवाय ‘वीस एके वीस’ला सरावलेल्या कानास अखेरचा ‘एक’ नव्या गुणाकाराचा आरंभ वाटतो. याउलट अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेसारख्या गावी, वऱ्हाडी उच्चारात ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘बे आठे सोया’ ऐकू आले, तरी पाढा अभंगच राहतो. बोलीने पाढ्याला धक्का लागत नाही. रचना बदलली की लागतो. (पावकी, दीडकी, औटकी मागे पडल्या त्या कोणाच्या फर्मानाने नव्हे, १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पुढे मण-शेर गेले, आणि पेठेतली त्यांची गरजच सरली.)

तथापि परंपरेचा कैवार घेणाऱ्यांनीही पाढ्याचा दोष झाकू नये. ‘सात आठे किती?’ असे मध्येच विचारले की मूल ‘सात एके सात’पासून चढू लागते, ‘आठ साते’ आणि ‘सात आठे’ एकच, हे त्यास पाठांतर सांगत नाही. सरावात फोड हवी. सात पाचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस यांची बेरीज म्हणजेच सात आठे. येथे मात्र ‘तीस पाच’ व ‘वीस एक’ ही नावे खरी उपयोगी पडतात: तीस नि वीस पन्नास, पाच नि एक सहा. नव्या नावांचे स्थान या बेरजेत आहे. उत्तर हाती आल्यावर मुलाने ते ‘सात आठे छप्पन’ असेच म्हणावे, आणि लगेच ‘आठ साते’ विचारून पाहावे.