ओवीतील माळरान

सोलापुराहून नान्नजच्या वाटेने जाणाऱ्यास दिसते ते माळरान: कुसळी गवत, मधूनमधून एखादी बाभूळ वा हिवर, आणि वर मोकळे आकाश. पूर्वी येथे घनदाट अरण्य होते व कुऱ्हाडीने आणि गुरांनी त्याचा नाश केला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. दिग्विजय पाटील, आशीष नेर्लेकर प्रभृती अभ्यासकांचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला निबंध या समजुतीस धक्का देतो. त्याचा आधार जुने मराठी वाङ्मय हा असल्याने त्याचे परीक्षण करणे आम्हां वाङ्मयभक्तांसही प्राप्त आहे.

उत्तर ध्रुवालगतच्या सूचिपर्णी अरण्यांचा इतिहास तेथील तळ्यांच्या गाळात साठलेला असतो. त्यातील परागकण वनस्पतींची आणि कोळशाचे कण वणव्यांची हकीकत थराथराने सांगतात. आपल्या कोरड्या पठारावर अशी तळी विरळाच. म्हणून या अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातील आख्याने, चरित्रे व ओव्या यांतून वनस्पतींची नावे वेचली. सुमारे साडेसातशे वर्षांच्या वाङ्मयातील ४४ वन्य वनस्पतींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशातील निघाल्या.

ही पद्धती आम्हांस ग्राह्य वाटते. मात्र काव्य हे आधी काव्य म्हणून वाचले पाहिजे. कवीने हौसेने केलेले वनवर्णन आणि कथेच्या ओघात आलेला काटेरी झाडाचा उल्लेख यांचे मोल सारखे नव्हे. पहिल्यात संस्कृत परंपरेचे चंदन-बकुळ सहज शिरतात. दुसऱ्यात कवीस अलंकाराचा मोह नसतो. पढविलेल्या साक्षीदारापेक्षा सहज बोलून जाणारा अधिक विश्वसनीय, तसेच हे आहे. वणव्याविषयी तर विशेष सावधगिरी हवी. आपल्या काव्यात दावाग्नी बहुधा संसारतापाची उपमा म्हणून येतो; तेवढ्यावरून माळ किती वेळा पेटला हे ठरविता येणार नाही. तळ्यातील कोळसा उपमा देत नाही.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. माळास एकदा 'उजाड झालेले रान' म्हटले की तेथे दाट झाडे लावणे पुण्यकर्म ठरते. वास्तविक गवताच्या मुळ्या जमिनीत जिवंत राहतात आणि आग वा उन्हाळा सोसून पावसाबरोबर पुन्हा फुटतात. दाट सावली मात्र त्यांस मानवत नाही. नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले ते माळढोकासाठी, आणि त्या पक्ष्यास मोकळा माळच हवा असतो. आज तो तेथे क्वचितच दृष्टीस पडतो. माळ ओळखण्यात आपली चूक झाली असेल, तर ती दाखविणारे पुरावे आपल्याच पोथ्यांत होते, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.