आरोग्यविमा की आरोग्यसेवा? परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना :
आजारपण हे ग्रामीण कुटुंबाच्या कर्जबाजारीपणाचे एक महत्त्वाचे कारण होय. त्यावर उपाय म्हणून शासनाने विम्याचा मार्ग स्वीकारला. तथापि आरोग्यविम्यातील सुधारणा आणि आरोग्यसेवेतील सुधारणा या भिन्न बाबी आहेत. उपचाराचे पैसे कोण देणार, हा पहिलीचा प्रश्न; उपचार कोठे, केव्हा आणि कोणाकडून मिळणार, हा दुसरीचा. अमेरिकेत २००९-१० मध्ये याच भेदावरून मोठा वाद झाला आणि २०१० चा कायदा मुख्यतः विमासंरक्षणाचा विस्तार करणारा ठरला. परभणीसारख्या जिल्ह्यात हा भेद अधिक तीव्रतेने जाणवतो.

योजनेचे स्वरूप :
राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा नांदेड जिल्हा त्यात होता. परभणीला मात्र २१ नोव्हेंबर २०१३ च्या राज्यव्यापी टप्प्यापर्यंत थांबावे लागले. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वार्षिक दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. पुढे परभणीसह १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरीही पात्र ठरले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवून ते सर्व नागरिकांना लागू करण्याचा निर्णय झाला.

मूल्यमापन :
हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगावरील उपचार यांसाठी शेत विकावे लागू नये, हे या योजनेचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तिचा लाभ मुख्यतः निश्चित यादीतील उपचारांना व अंगीकृत रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील शेतमजुराचा वाढलेला रक्तदाब त्या यादीत बसत नाही. तो दुर्लक्षित राहून मूत्रपिंड निकामी झाले, की डायलिसिस मात्र बसते. म्हणजे आजार बळावेपर्यंत रुग्णाने थांबावे, अशी विपरीत रचना निर्माण होते. बाह्यरुग्ण तपासणी, रोजची औषधे आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच राहतो. एकवेळच्या प्रवासखर्चाची तरतूद आहे. पण निदानासाठी आधी घातलेल्या खेपांची नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार असून दोन-तृतीयांशाहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. गंभीर रुग्णाला नांदेड किंवा औरंगाबाद गाठावे लागणे हा येथील जुना अनुभव होय. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. विमापत्र दहा वर्षे आधी पोहोचले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

भोर समितीने १९४६ मध्येच प्रतिबंध व उपचार यांची सांगड घालणारी, गावाजवळची सेवा पायाभूत मानली होती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही दोन-तृतीयांश किंवा अधिक साधनसंपत्ती प्राथमिक सेवेला देण्याची भूमिका घेतली.

समारोप :
विमा आणि सेवा परस्परविरोधी नाहीत. प्रश्न क्रमाचा आहे. उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र सक्षम असेल, तरच विमा हा शेवटचा आधार ठरतो. अन्यथा तोच पहिला आणि एकमेव आधार बनतो. म्हणून योजनेचे यश वाटलेल्या कार्डांवरून किंवा झालेल्या शस्त्रक्रियांवरून मोजणे अपुरे आहे. किती शस्त्रक्रियांची गरजच टळली, हाही निकष असला पाहिजे.