फडाचे कर्तृत्व आणि समीक्षेची एकनामनिष्ठा

जुन्नर-आंबेगाव परिसरातील लोकरंगभूमीचा विचार करू लागताच नारायणगाव डोळ्यांसमोर येते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे तमाशाफडांच्या राहुट्या उभ्या राहतात व गावोगावचे पंच यात्रेसाठी सुपारी ठरवावयास येतात. राहुटीवरील फलकावर फडमालकाचे वा नायिकेचे नाव असते. व्यवहारास ते आवश्यकच आहे. नावावाचून सुपारी मिळत नाही. आक्षेप आहे तो समीक्षेने हाच फलक प्रमाण मानल्याबद्दल.

ढोलकी-फडाच्या तमाशाची घडणच सामूहिक आहे. गणात सरदार ओळ उचलतो, तिचा शेवट सुरत्ये झेलतात. ही झील केवळ साथ नव्हे. तिच्यामुळे मुख्य गायकास श्वास मिळतो आणि ओळ श्रोत्यांच्या मनात ठसते. गौळणीत मावशीवाचून शृंगाराला विनोदाची धार येत नाही. बतावणीत सोंगाड्याचे उत्तर जितके महत्त्वाचे, तितकाच त्याला नेमका प्रश्न विचारणारा जोडीदार. वगाचे संवाद तर पुष्कळदा रंगमंचावरच सिद्ध होतात. कथेचा सांगाडा सर्वांस ठाऊक असतो. शब्द परस्परांच्या आधाराने सुचतात. म्हणजे वगाची संहिता कोणा एकाच्या वहीत नसून अनेकांच्या स्मरणात विभागलेली असते. जुना सोंगाड्या फड सोडून गेला, तर त्याच्याबरोबर वगाचा एक अंशही जातो.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याविषयीच्या लेखनात ही दृष्टी विशेष उणी भासते. वडील भाऊ व चुलते बापू यांच्या फडाच्या परंपरेत त्या घडल्या. १९५७ व १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु प्रयोग चालू असता त्या प्रसूत झाल्या व पुन्हा रंगमंचावर आल्या, ही प्रसिद्ध हकीकत केवळ त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तेवढा वेळ रंगमंच कोणी सावरून धरला, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्याहून कठोर प्रश्न असा की, आसन्नप्रसवा कलावतीस त्या रात्री उभे राहणे ज्या अर्थव्यवस्थेने भाग पाडले, तिचे काय? एका व्यक्तीच्या स्तुतीत सहकाऱ्यांचे कौशल्य आणि सर्वांचे दैन्य, दोन्ही झाकली जातात.

म्हणून अभ्यासाचे एकक फड हेच असावयास हवे. एका वगाचे दोन फडांतील प्रयोग, किंवा एकाच फडाचे माणसे बदलल्यानंतरचे प्रयोग, शेजारी ठेवून पाहावेत. ढोलकीवाला, हलगीवाला व सुरत्ये यांची नावे नोंदवावीत. केवळ नायिकेची मुलाखत व मुद्रित लावण्या यांवरून तमाशाचा इतिहास रचणे म्हणजे झील वगळून गाणे लिहून घेण्यासारखे आहे.