बेनिनचे पितळी पट : शोभा कीं दप्तर?

आमच्या वाचकांचा परिचय ताम्रपट, सनदा व पोथ्या यांच्याशीं. तेव्हां पश्चिम आफ्रिकेंतील पितळी पटांची चर्चा या पृष्ठांत कशासाठीं, असा प्रश्न त्यांच्या मनांत सहजच उभा राहील. उत्तर एवढेंच कीं, ज्या चुकीमुळें हे पट मुके झाले, ती जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या कोणाच्याही हातून घडण्याजोगी आहे. आमच्या हातून ती घडली आहे. तें पुढें सांगूं.

हल्लींच्या नायजेरियाच्या दक्षिण भागांत एदो लोकांचें बेनिन नांवाचें राज्य होतें. तेथील राजास 'ओबा' म्हणत, व अद्यापि म्हणतात. सोळाव्या व सतराव्या शतकांत ओबाच्या पदरच्या ओताऱ्यांनीं शेंकडों पट ओतले. त्यांपैकीं आठशेंहून अधिक आज उपलब्ध आहेत. ओतण्याची रीत मेणाच्या प्रतिमेवर मातीचा लेप देऊन मेण वितळविण्याची, म्हणजे चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त वर्णिलेल्या रीतीच्याच जातीची. धातु बव्हंशीं पोर्तुगीज व्यापाऱ्यांनीं आणलेल्या कड्यांचा. डच ग्रंथकार डाप्पर याच्या इ. स. १६६८ च्या ग्रंथांत राजवाड्याच्या पडव्यांचें वर्णन आहे. लांकडी खांब वरपासून खालपर्यंत धातूच्या पत्र्यांनीं मढविलेले असून त्यांवर युद्धाचे व पराक्रमाचे प्रसंग होते, असें तो लिहितो. पटांवरील खिळ्यांचीं भोंकें या वर्णनास दुजोरा देतात.

इ. स. १८९७ च्या जानेवारींत एका इंग्रज पथकावर हल्ला होऊन त्यांतील बहुतेक मारले गेले. त्याचा सूड म्हणून फेब्रुवारींत इंग्रज फौजेनें बेनिन शहर घेतलें, राजवाडा लुटला व ओबा ओव्होनरामवेन यास कालाबार येथें हद्दपार केलें. पट त्या वेळीं खांबांवर नव्हते. ते उतरवून वाड्यांतच रचून ठेवलेले होते. ते लंडनला गेले, आणि तेथून त्यांची फांकाफांक झाली.

प्रथम कांहीं युरोपीय पंडितांस हें काम आफ्रिकी हातांचें असेल हेंच पटेना. कोणी पोर्तुगीजांकडे बोट दाखविलें, कोणी मिसरकडे. बर्लिनच्या फॉन लुशान यानें हा भ्रम खोडून या ओतकामास इटलीच्या चेल्लिनीच्या पंक्तीस बसविलें. त्याचा निर्णय न्याय्य होता. परंतु पुढें रूढ झालेली स्तुति आम्हांस अर्धीच वाटते. निंदकांनीं कर्ता कोण हें विचारलें, स्तुतिपाठकांनीं कौशल्य किती हें विचारलें. प्रयोजन काय, हा प्रश्न मागेंच राहिला.

एदो भाषेंतील 'आठवणें' या अर्थाच्या शब्दाचा मूळ अर्थ 'धातूंत आकृति ओतणें' असा सांगतात. दरबारी रीतिरिवाजांविषयीं वाद पडला म्हणजे हे रचून ठेवलेले पट काढून पाहत, अशी आठवणही विसाव्या शतकांतील अभ्यासकांनीं नोंदविली आहे. ती ऐकीव आहे, समकालीन लेख नव्हे, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि कोणत्या मानकऱ्याची आकृति केवढी, कोणाच्या गळ्यांत कोणती माळ, ओबाच्या डावी-उजवीकडे कोण, हें सारें ज्या काटेकोरपणें कोरलें आहे, तो काटेकोरपणा निव्वळ शोभेस लागत नाहीं. आम्ही यास दप्तर म्हणतों.

चिन्हांविषयींही तेंच. ओबाच्या पायांच्या जागीं मासे दाखवितात. चिखलांतला हा मासा पाण्यांत व जमिनीवर दोहींकडे जगतो, आणि ओबाही समुद्रदेव ओलोकुन व भूलोक यांच्यामध्यें उभा आहे. समुद्रावरून पितळ घेऊन येणारा पोर्तुगीजही म्हणूनच ओलोकुनशीं जोडला गेला. मात्र तोच मासा बेनिनमध्यें बळी म्हणूनही अर्पण करीत. तेव्हां मासा दिसला कीं 'राजाचें देवत्व' असा कोश उघडून अर्थ लावणारे लेखक आम्हांस मान्य नाहींत. श्लोकांतील शब्दाचा अर्थ प्रकरणावरून ठरतो, कोशावरून नव्हे.

आणि प्रकरण म्हणजे येथें शेजारचा पट. अनेक पट जोडीनें वा संचानें ओतलेले दिसतात. इ. स. २०१८ मध्यें कॅथरिन गन्श यांनीं याच आधारें मूळ मांडणीचा शोध घेतला. परंतु इ. स. १९५० ते १९७२ या काळांत ब्रिटिश म्यूझियमनें तीसांहून अधिक पट 'दुबार' म्हणून विकले वा बदल्यांत दिले. कांहीं नायजेरियासच गेले, हें खरें. पण 'दुबार' हा शब्द आम्हांस बोंचतो. जोडीतला दुसरा पट हा पहिल्याची नक्कल नव्हे, तर त्याचें उत्तर असूं शकतो.

आतां आमची कबुली. तरुणपणीं आम्हीं एका पोथीच्या दोन प्रती मिळविल्या, आणि सुवाच्य तेवढी ठेवून दुसरी 'दुबार' म्हणून देऊन टाकली. महाभारताची चिकित्सक आवृत्ति वाचूं लागल्यावर कळलें कीं, पाठभेद दुसऱ्या प्रतींतच राहतो. ती प्रत आम्हांस पुन्हां सांपडली नाहीं.

इ. स. २०२२ मध्यें जर्मनीनें बेनिनच्या वस्तूंचे स्वामित्व नायजेरियास देऊन कांहीं प्रत्यक्ष परत केल्या. त्याच वर्षीं निरनिराळ्या देशांच्या १३१ संस्थांतील पांच हजारांहून अधिक वस्तूंची एकत्र यादी 'डिजिटल बेनिन' या नांवानें खुली झाली. यादी म्हणजे राजवाडा नव्हे. पण सुटीं पानें एका बासनांत आलीं, हें कांहीं थोडें नाहीं.

संग्राहक वाचकांस विनंति इतकीच : वस्तु सुंदर आहे काय, हें पाहण्यापूर्वीं ती कोणाशेजारीं होती तें विचारावें, व तें टिपून ठेवावें.