चुकीच्या गुन्ह्याची चौकशी : ‘द पोलिस’ची पहिली तीन वर्षे

‘द पोलिस’ या ब्रिटिश बँडची गाणी मी प्रथम ऐकली ती १९८७ साली, मित्राने भरून दिलेल्या एका कॅसेटवर. भजनात टाळ धरून वाढलेल्या माझ्या कानाला त्यातल्या काही गाण्यांत सारखे काहीतरी खटकत राहिले. जिथे सम यावी असे वाटे तिथे ढोल गप्प, आणि ठोका पडे तो भलत्याच मात्रेवर. टेप ताणली गेली असावी असे समजून मी ती पेन्सिलीने दोनदा गुंडाळून पाहिली. दोष टेपचा नव्हता. रेगे या जमैकन संगीताशी माझी ती पहिली भेट होती, आणि ती तीन गोऱ्या माणसांच्या मध्यस्थीने झाली, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

या विषयाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे काही आहे ते ऐकून आणि मिळेल ते वाचून जमवलेले. म्हणूनच या बँडच्या १९७७ ते १९७९ या काळाकडे पाहताना एक प्रश्न मला स्वतःलाही लागू होतो : उसन्या गोष्टीवर ज्याचा कान तयार झाला, त्याने अस्सल-नकलीचा निवाडा कसा करावा?

आधी हकीकत. १९७७ च्या आरंभी लंडनमध्ये पंकचा जोर होता. तीन स्वरसंगती, दोन-अडीच मिनिटांचे गाणे, कसबाविषयी उघड तुच्छता. त्या लाटेत स्ट्यूअर्ट कोपलंड या अमेरिकन ड्रमवादकाने हा बँड उभा केला. तो ‘कर्व्हड एअर’ या तालेवार प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमधून आलेला होता. गायक आणि बेसवादक गॉर्डन समनर, म्हणजेच स्टिंग, हा ईशान्य इंग्लंडमधल्या वॉल्सेंडचा. काही काळ शाळामास्तर असलेला आणि न्यूकॅसलच्या जॅझ मंडळींत वाजवणारा. गिटारवर हेन्री पादोवानी हा कोर्सिकाहून आलेला तरुण. मे १९७७ मध्ये त्यांची ‘फॉल आउट’ ही पहिली तबकडी निघाली. त्याच महिन्यात एका वेगळ्या कार्यक्रमाच्या निमित्ताने स्टिंग आणि कोपलंड यांची गाठ अँडी समर्सशी पडली. समर्सचा जन्म १९४२ चा. ‘सॉफ्ट मशीन’ आणि ‘द अॅनिमल्स’मध्ये वाजवून झालेले, कॅलिफोर्नियात गिटारचे शिक्षण घेतलेले. ऑगस्टमध्ये पादोवानी बाहेर पडला आणि समर्स त्याच्या जागी स्थिर झाला. म्हणजे बँडमधला त्यातल्या त्यात खरा पंक गेला आणि चौतिशीतला मुरलेला वादक आला.

फेब्रुवारी १९७८ मध्ये एका च्युइंगमच्या जाहिरातीसाठी तिघांनी केस पिवळे करून घेतले. ती जाहिरात कधी झळकली नाही, पण केस मात्र बँडची ओळख बनले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘रॉक्सान’ निघाले. बीबीसीने ते वाजवायच्या यादीत घेतले नाही, तर प्रचारात त्याची ‘बंदी’ झाली. एवढा मालमसाला हाती आल्यावर समीक्षकांनी आरोपपत्र दाखल केले नसते तरच नवल. ही माणसे वयाने थोर, हातांनी तयार आणि वेशाने पंक, म्हणजे तोतये. बँडचे नाव पोलिस आणि आरोपी तेच, असा हा प्रकार.

मराठी वाचकाला हा खटला ओळखीचा वाटेल. मर्ढेकरांपासून आपल्याकडेही ‘हे इथले की तिथले’ हा प्रश्न कवितेपेक्षा कवीच्या कपाटातल्या पुस्तकांना जास्त विचारला गेला आहे.

आरोप खोटा होता असे मी म्हणत नाही. पंकचा वेश हा वेशच होता. ‘फॉल आउट’ ऐकताना ते जाणवते : चपळ, नीटनेटके आणि कुणाचेही असू शकेल असे गाणे. पण या सोंगाने एक अनपेक्षित काम केले. पंकच्या दरबारात कसब दाखवणे हा गुन्हा होता. त्यामुळे भरपूर येणाऱ्या तीन माणसांना आपले येणे लपवावे लागले. समर्सला लांबलचक गिटारवादन करता येईना, कोपलंडला ड्रमचे प्रदर्शन मांडता येईना, स्टिंगला जॅझ मिरवता येईना. त्यात माणसे तीनच. गाण्यात मोकळी जागा राहू लागली, आणि ती भरायची नाही अशी त्यांना सवय लागली. न्यू वेव्ह म्हणून पुढे ज्याला ओळखले गेले, त्यातला या बँडचा वाटा मला या सवयीत दिसतो.

ही मोकळी जागा वापरायची कशी, हे मात्र त्यांना पंकने शिकवले नाही. ते जमैकाकडून आले. रॉकमध्ये चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर मोठ्या ढोलाचा ठोका अपेक्षित असतो. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ पद्धतीत पहिली मात्रा सोडून देतात आणि तिसरीवर वजन टाकतात. गिटार मधल्या अर्ध्या मात्रांवर तुटक तुटक बोलते आणि चाल पुढे नेण्याचे काम बेसकडे जाते. सोयीपुरती तुलना करायची तर केरव्याच्या आठ मात्रांत सम रिकामी ठेवून पाचवीवर, म्हणजे आपल्या खालीच्या जागी, सगळा भार द्यावा तसे. माझी टेप ‘ताणली’ होती ती याच जागी. कोपलंडचे बालपण कैरो आणि बैरुतमध्ये गेले होते. रॉकच्या ठरीव ठोक्याबाहेरचे ताल त्याच्या कानावरून लहानपणीच गेलेले होते. त्याला ही रिकामी सम परकी वाटली नसावी.

‘रॉक्सान’ स्टिंगने आधी बोसा नोव्हाच्या अंगाने बांधले होते. कोपलंडच्या सूचनेने त्याचा झोल टँगोकडे वळला. लेदरहेड येथील नायजेल ग्रे या डॉक्टरच्या स्टुडिओत, बेताच्या पैशांत ते ध्वनिमुद्रित झाले. सुरुवातीला चुकून पियानोवर बसल्याचा बेसूर आवाज आणि त्यावरचे स्टिंगचे हसू त्यांनी तसेच ठेवले. १९७९ साली पुन्हा निघाल्यावर ते ब्रिटनमध्ये बाराव्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी ‘मेसेज इन अ बॉटल’ आणि ‘वॉकिंग ऑन द मून’ पहिल्या क्रमांकावर गेली. यातले दुसरे गाणे तर जवळजवळ रिकाम्या जागेचेच आहे. बेसचे मोजके सूर, मध्येच एक गिटारची स्वरसंगती, आणि ती विरेपर्यंत थांबण्याचा धीर.

खरी चौकशी इथे सुरू व्हायला हवी होती. केस कुणाचे आणि वय किती, यापेक्षा ठेका कुणाचा हा प्रश्न मोठा होता. १९७९ च्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमचे नाव ‘रेगाटा द ब्लांक’. मोडक्या फ्रेंचमध्ये ‘गोरे रेगे’. हा कबुलीजबाब आहे की थट्टा, हे नावावरून ठरत नाही. त्याच सुमारास ‘द स्पेशल्स’सारखे बँड काळ्या-गोऱ्या वादकांना एका मंचावर आणत होते. ‘द क्लॅश’ने ज्युनियर मर्विनचे गाणे त्याचे म्हणूनच गायले होते. ‘द पोलिस’ मात्र तिघा गोऱ्या वादकांचाच बँड राहिला. ‘सो लोनली’ची बांधणी बॉब मार्लीच्या ‘नो वुमन, नो क्राय’वरून उचलल्याचे स्टिंगने पुढे स्वतःच मान्य केले. पण मान्य करणे आणि वाटा देणे यांत अंतर असते.

माझा निवाडा दुहेरी आहे. या गाण्यांचा सांगाडा मला नक्कल वाटत नाही. ‘द बेड्स टू बिग विदाऊट यू’मध्ये रिकाम्या समेला एकटेपणाचा अर्थ मिळतो. गाण्यातल्या माणसाची जागा जशी रिकामी, तशीच मात्राही. इथे तत्त्व पचलेले आहे. नक्कल आहे ती स्टिंगच्या उच्चारात. वॉल्सेंडच्या मुलाच्या तोंडी मध्येच येणारी जमैकन हेल हे उसने कापड अंगाला बसत नाही, आणि आज ती ऐकताना मला अवघडल्यासारखे होते. जे शिकून घेतले ते टिकले. जे ओठांवर चढवले ते सोंगच राहिले. समीक्षकांना हे दोन्ही ऐकू येण्याजोगे होते, पण त्यांचे लक्ष केसांवर खिळले होते.

मार्च १९८० मध्ये हा बँड मुंबईत येऊन वाजवून गेला. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या स्त्रियांच्या सेवाभावी संस्थेने तो कार्यक्रम घडवला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. बॉब मार्ली भारतात कधीच आला नाही. मे १९८१ मध्ये तो गेला. रेगेचा ठेका इथे कुणाच्या हातून पोहोचला, हे त्यामुळे योगायोगावर सोडता येत नाही. विमानाचे तिकीट, कंपनीचा करार, गोरा चेहरा, या सगळ्यांनी ते ठरवले.

तरीही ती कॅसेट मी फेकून दिलेली नाही. घरी शिकणाऱ्याला प्रत आधी मिळते आणि मूळ नंतर. मार्लीपर्यंत मी या तिघांच्या मागून गेलो, आणि तिथे पोहोचल्यावर त्यांची चूकही दिसू लागली. माझ्याकडून वाटा द्यायचा तर एवढेच करू शकतो : आता कुणाला ‘द पोलिस’ ऐकवायचे झाले की आधी मार्ली लावतो, मधली सम रिकामी जाते तिथे बोट उचलून दाखवतो, आणि मग ‘वॉकिंग ऑन द मून’ लावतो.